नव्या रंगावर बफिंग केलं, आठवड्यात चमक उतरली? पुन्हा कंपाउंड लावण्याआधी हे बघा

गाडी डेंटिंग-पेंटिंगहून घरी आली. रंगात थोडा कचरा बसलाय, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसतोय, म्हणून घरीच वॉटर पेपर, म्हणजे पाण्याने घासायचा पॉलिश पेपर मारला, कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट लावून मशीनच्या पॅडने बफिंग केलं. संध्याकाळी बॉनेटमध्ये चेहरा दिसायला लागला. आठ-दहा दिवसांत मात्र चमक उतरली आणि उन्हात बारीक ओरखड्यांची जाळी दिसायला लागली. मग परत कंपाउंड. परत चमक येते, परत उतरते. काळ्या, गडद निळ्या, मरून गाड्यांचे मालक यात सगळ्यात जास्त अडकतात. पांढऱ्या आणि सिल्व्हर गाड्यांवरही हेच दोष असतात, फक्त ते पटकन नजरेत येत नाहीत.

यावर नेहमी मिळणारा सल्ला म्हणजे कंपाउंड बदला, नाहीतर भारी मशीन घ्या. मला तो पटत नाही. चमक पुन्हा पुन्हा उतरण्याची मुख्य कारणं तीन आहेत आणि तिघांचे उपाय एकमेकांना चालत नाहीत. पहिल्यात थांबायचं असतं, दुसऱ्यात नीट घासायचं असतं, तिसऱ्यात तर बफिंगचा संबंधच नसतो. कारण न ओळखता मशीन फिरवलं की दर खेपेला क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, तेवढं कमी होतं.

आणि क्लिअर असतं तरी किती? रिपेंटमध्ये दोन कोट मारल्यावर ते साधारण ५० ते ७० मायक्रॉन भरतं, म्हणजे फार तर डोक्याच्या केसाएवढी जाडी. वॉटर पेपर आणि कंपाउंडची एक पूर्ण फेरी त्यातले सहज पाच-दहा मायक्रॉन खाते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला जपणारी द्रव्यंही याच थरात असतात. चार-पाच फेऱ्या झाल्या की गाडी चमकते खरी, पण एक-दोन उन्हाळ्यांत क्लिअर पापुद्रे धरून सुटायला लागतं. जाडी मोजायचं मीटर आणलं तरी घरी त्याचा फार भरवसा धरू नका. ते पत्र्यापासून वरचे सगळे थर एकत्र मोजतं. खाली पुट्टी भरलेली असेल तर आकडा कितीही मोठा येईल, त्यातलं क्लिअर किती ते कळणार नाही.

म्हणून आधी निदान.

गाडी सकाळी, पत्रा थंड असताना, सावलीत उभी करा. स्वच्छ धुऊन वाळवा. एका पॅनलचा वीतभर भाग निवडा. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक भाग आणि पाण्याचे पाच-सहा भाग असं मिश्रण करून स्वच्छ मायक्रोफायबरवर घ्या, त्या भागावरून हलक्या हाताने फिरवा आणि लगेच कोरड्या कपड्याने टिपून घ्या. रंग नवा आहे, त्यामुळे मिश्रण यापेक्षा तीव्र करू नका आणि थिनर तर अजिबात लावू नका. आता मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा.

पुसल्यावर तिथे एकदम जाळी उघडी पडली आणि शेजारच्या न पुसलेल्या भागात ती नाही, तर ओरखडे कधी गेलेच नव्हते. कंपाउंडमधल्या तेलाने ते बुजवले होते. पुसल्यावरही रेघ अशी दिसत नाही, पण सगळा भाग वाफ धरल्यासारखा मंद आहे, तर रंग अजून आतून वाळतोय, आक्रसतोय. आणि बफिंग झाल्या झाल्या अल्कोहोलने पुसून तपासलं तेव्हा सगळं स्वच्छ होतं, पण आता चहूबाजूंनी बारीक रेघा दिसतात, तर त्या रेघा नंतर पडल्यात आणि रोज पडतायत. हा तिसरा प्रकार ओळखता यावा म्हणून तरी बफिंग संपताना अल्कोहोलने पुसून, टॉर्च मारून फोटो काढून ठेवावा. तेवढी एक सवय लावली तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

टॉर्चभोवती दिसणाऱ्या गोल गोल जाळीमुळे खूप जणांची फसगत होते. "मशीन गोल फिरवलं म्हणून गोल ओरखडे पडले" असा समज होतो. प्रत्यक्षात तिथे सगळ्या दिशांना जाणाऱ्या रेघा असतात, आणि प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात, त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळ दिसतं. टॉर्च हलवला की वर्तुळही हलतं. रोटरी, म्हणजे पॅड नुसतं गोल फिरवणाऱ्या मशीनने खरोखर पडलेल्या खुणा वेगळ्या असतात. त्या पट्ट्यांसारख्या दिसतात, आपण बाजूला सरकलो की सरकतात. गॅरेजवाले त्यांना होलोग्राम म्हणतात. जाळी दिसली तर धुण्या-पुसण्यावर संशय घ्या, पट्टे दिसले तर मशीनवर.

रंग अजून वाळतोय तेव्हा

घरी बफिंग करणाऱ्यांच्या बाबतीत हे कारण सर्रास असतं, आणि सगळ्यात कमी ओळखलं जातं ते हेच.

हल्लीचं पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचं टू-के, दोन टप्प्यांत घट्ट होतं. आधी थिनर उडतं, आणि त्याच वेळी हार्डनरची रासायनिक क्रिया सुरू होते, जी खूप सावकाश चालते. बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद, गरम करता येणाऱ्या खोलीत, ६० अंशांवर अर्धा तास भाजलं तर गाडी थंड झाल्यावर बफिंगला घेता येते. पण आपल्याकडच्या बऱ्याच लहान गॅरेजमध्ये बूथ नसतो. रंग शेडमध्ये हवेवर वाळतो. हात लावल्यावर चिकटत नाही म्हणजे वाळला, असं आपण धरतो. प्रत्यक्षात वरची साय धरलेली असते आणि खाली थिनर अडकलेलं असतं. पेंटरने कोट जाड मारले असतील, दोन कोटांमध्ये पाच-दहा मिनिटं थांबला नसेल, किंवा घाईत लवकर उडणारं थिनर वापरलं असेल, तर ते आणखी जास्त अडकतं.

अशा रंगावर आपण वॉटर पेपर मारून पृष्ठभाग सपाट करतो, बफिंग करतो, चमक येते. मग पुढचे काही दिवस आतलं थिनर हळूहळू बाहेर पडत राहतं, थर आक्रसतो आणि खालच्या पृष्ठभागाची नक्कल वर उमटवतो. आपण सपाट केलेला भाग पुन्हा सूक्ष्म खडबडीत होतो. पुट्टीच्या कडा, प्रायमरवर मारलेल्या जाड पेपरच्या रेघा, हे सगळं आठवड्याभरात वर दिसायला लागतं. पॉलिशची यात काही चूक नसते. पॉलिश ज्यावर मारलं तो पृष्ठभागच बदललेला असतो.

ओळखायचं कसं? वास घ्या. गाडी दुपारभर बंद उन्हात ठेवा आणि मग पॅनलजवळ नाक न्या. थिनरचा वास येत असेल तर काम थांबवा. दुसरी खूण नखाची. दरवाजाच्या आतल्या कडेला, जिथे क्लिअर पोचलंय पण दिसत नाही अशा जागी, अंगठ्याचं नख जरा जोरात दाबा. खूण उमटून तशीच राहिली तर रंग कच्चा आहे. आणखी एक गोष्ट बफिंग करतानाच कळते. कच्च्या रंगावर कंपाउंड नीट चालत नाही, पॅड ओढल्यासारखं होतं आणि पुसताना कंपाउंड चिकटून बसतं.

उपाय फक्त वेळ. हवेवर वाळलेल्या पीयूला २० अंशांच्या आसपास डब्यावर बहुधा एक दिवसाचा वेळ दिलेला असतो, पण तो योग्य जाडी, योग्य हार्डनर आणि कोरडी हवा धरून. घरच्या कामासाठी मी किमान एक आठवडा सांगेन. पावसाळ्यात किंवा नाशिक-पुण्याच्या डिसेंबरमधल्या थंडीत दोन आठवडे. महिनोन्महिने थांबायचीही गरज नाही, कारण क्लिअर पूर्ण कडक झालं की वॉटर पेपरच्या रेघा काढायला दुप्पट मेहनत लागते. ऊन लागेल अशी उघड्यावर गाडी ठेवा. जाड कव्हर घालून ठेवू नका, थिनरला बाहेर पडायला वाट हवी. याच कारणासाठी वॅक्स, सीलंट, सिरॅमिक कोटिंग यातलं काहीही पहिला महिनाभर लावू नये. सिलिकॉन नसलेलं साधं पॉलिश चालतं.

थांबून झाल्यावर अशा पॅनलला बहुतेक वेळा वॉटर पेपर लागतच नाही. मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिशची एक फेरी पुरते. पुट्टीच्या कडा दिसत असतील तर मात्र पॉलिशने त्या जाणार नाहीत. तो भाग पूर्ण वाळू देऊन, घासून, पुन्हा क्लिअर मारावं लागतं.

पावसाळ्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये रंगवलेल्या गाडीचं क्लिअर मंद दिसतं, तेव्हा लोक त्यावर कंपाउंड घेऊन तुटून पडतात. पीयूचा हार्डनर ओलाव्याशी क्रिया करतो, त्यातून कर्बवायू तयार होतो आणि थरात बारीक फुगे राहतात. चमकही कमी होते. भिंगातून बघितलं आणि सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर बफिंग करू नका. फुग्याचं डोकं उडतं, भोक मोठं होतं आणि त्यात पांढरं कंपाउंड जाऊन बसतं. ते मग काही केल्या निघत नाही.

ओरखडे बुजलेत, गेले नाहीत

परवा एका मित्राच्या काळ्या गाडीचा फेंडर बघितला. सावलीत निर्दोष. अल्कोहोलचा कपडा एकदा फिरवला आणि त्या पट्ट्यात १५०० नंबरच्या पेपरच्या सरळ, समांतर रेघा उभ्या राहिल्या, चाकाच्या कमानीपासून थेट दरवाजापर्यंत. वरून कंपाउंड भरपूर मारलेलं होतं. त्यातलं तेल रेघांमध्ये बसलं होतं आणि दोन-तीन धुण्यांत ते निघून गेलं असतं.

इथे आणखी एक गोष्ट होते. बफिंगने नवा रंग तापतो आणि कंपाउंडमधल्या द्रवामुळे किंचित फुगतो, त्यामुळे बारीक रेघा तात्पुरत्या मिटतात. थंड झाल्यावर त्या पुन्हा उघडतात. म्हणून बफिंग झाल्या झाल्या खूश होऊ नये. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड पत्र्यावर, अल्कोहोलने पुसूनच बघावा.

मूळ चूक बहुतेक वेळा पेपरच्या टप्प्यांत असते. १५०० मारून थेट कंपाउंडवर उडी घेतली जाते. १५०० नंतर २०००, मग ३००० असं जायलाच हवं. प्रत्येक टप्प्यात दिशा बदला. १५०० गाडीच्या लांबीच्या दिशेने मारला तर २००० आडवा मारा. आडव्या रेघांमध्ये एकही उभी रेघ दिसत नाही तोवर पुढचा पेपर हातात घेऊ नका. दिशा न बदलता मारलं तर आधीच्या रेघा गेल्या की नाही हे कळायला मार्गच नाही. पेपर आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात शाम्पूचे दोन-चार थेंब टाका आणि बोटांनी न दाबता रबरी ब्लॉक वापरा. बोटांचा दाब एकसारखा पडत नाही, पन्हळ्या पडतात. आणि जिथे फक्त कचऱ्याचे चार दाणे आहेत तिथे सगळं पॅनल घासू नका. छोट्या ब्लॉकवर २००० चा तुकडा लावून तेवढा दाणाच घासा. ओघळ असेल तर तो इतर भागापेक्षा जाड असतो, आतून वाळायला त्याला जास्त दिवस लागतात, त्याला सगळ्यात शेवटी हात लावा.

मशीनबद्दल ठाम मत सांगतो: घरी पहिल्यांदा करणाऱ्याने ड्युअल अ‍ॅक्शन मशीनच वापरावं, ज्यात पॅड गोल फिरता फिरता हलतंही. वेळ जास्त लागतो, पण ते होलोग्राम पाडत नाही आणि क्लिअर जाळण्याची शक्यता खूप कमी. रोटरी हाताशी असेल तर मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर ठेवा, पॅड सपाट ठेवा, एका जागी थांबू नका आणि शेवटचा हात ड्युअल अ‍ॅक्शननेच फिरवा. चार इंची ग्राइंडरला पॅड लावून बफिंग करायची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ते मशीन मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेऱ्यांनी फिरतं. नव्या रंगावर ते लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

एका वेळी दोन बाय दोन फुटांचाच भाग घ्या. पॅडवर हरभऱ्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. आधी मशीन बंद ठेवून कंपाउंड पसरवा, मग सुरू करून सावकाश, निम्मा भाग पुन्हा झाकला जाईल अशा ओळी मारा. आधी आडव्या, मग उभ्या. बऱ्याच कंपाउंडमधले कण घासता घासता बारीक होत जातात. ओळी अर्ध्यावर सोडल्या तर जाड कणांच्या खुणा राहतात, आणि कंपाउंड सुकल्यावरही घासत बसलं तर नव्या पडतात. कंपाउंडचा थर पारदर्शक, तेलकट दिसायला लागला की थांबा. हात लावून बघा, पत्रा कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर खूपच तापलाय. बंपर प्लॅस्टिकचा, उष्णता पसरू देत नाही, तिथे वेग आणि दाब दोन्ही कमी.

दर पॅनलनंतर पॅड ब्रशने झटका. सुकलेलं कंपाउंड आणि निघालेलं क्लिअर पॅडमध्ये गोळा होतं आणि तेच पुढच्या पॅनलवर ओरखडे पाडतं. कंपाउंडचं पॅड पॉलिशला वापरू नका, धुऊनसुद्धा. दरवाजाच्या कडा, बॉनेटची घडी, फेंडरची धार, या ठिकाणी रंग आधीच पातळ बसतो. तिथे मास्किंग टेप लावून ठेवा आणि टेप काढल्यावर हाताने पॉलिश करा. बेस-क्लिअर, म्हणजे खाली रंगाचा बेस आणि वर क्लिअर असलेल्या गाडीत पॅडवर गाडीचा रंग दिसला की त्याच क्षणी मशीन बंद. तिथलं क्लिअर संपलेलं आहे.

जुन्या जीपवर, फियाटवर किंवा अ‍ॅम्बेसेडरवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला असेल, ज्याला जुने पेंटर ड्युको म्हणतात, तर हे सगळं वेगळ्या नजरेने बघा. तिथे वर क्लिअर असेलच असं नाही, पॅडवर रंग येणं साहजिक आहे. तो रंग फक्त थिनर उडून वाळतो, त्यात रासायनिक जोडणी होत नाही, म्हणून तो बराच काळ आक्रसत राहतो आणि अधूनमधून कंपाउंड मागतो. दोष शोधत बसू नका. कोणता रंग आहे याची खात्री नसेल तर आतल्या जागी थिनरचा बोळा घासा. एनसी विरघळून बोळ्यावर उतरतो. पीयू नवा असेल तर थोडा मऊ पडेल, पण तसा उतरत नाही.

रोजचा फडका

तिसरं कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. सकाळी गाडी पुसायला येणारे दादा एक बादली आणि एक फडका घेऊन पंधरा-वीस गाड्या पुसतात. त्या बादलीच्या तळाशी एकदा बोटं फिरवून बघा, रेती हाताला लागते. फडका त्यातच बुडतो, पिळला जातो आणि धुळीने माखलेल्या बॉनेटवर गोल फिरतो. नवा रंग मऊ असतो, त्याला जाळी पडायला हे आठवडाभर पुरतं. यात त्या माणसाचा दोष नाही, एवढ्या पैशांत एवढ्या वेळात एवढंच होऊ शकतं. पण मग बफिंगवर खर्च केलेला शनिवार-रविवार वाया जातो.

सरळ सांगा, "दादा, महिनाभर फक्त काचा पुसा, पत्र्याला हात लावू नका." पैसे पूर्ण द्या. धूळ बसली तर बसू दे, बसलेल्या धुळीने ओरखडे पडत नाहीत, घासलेल्या धुळीने पडतात. आठवड्यातून एकदा स्वतः धुवा. आधी नुसत्या पाण्याचा मारा करून धूळ सोडवा, मग शाम्पूची एक बादली आणि फडका खळबळायला साध्या पाण्याची दुसरी. वरून खाली या, चाकं आणि खालच्या पट्ट्या शेवटी, वेगळ्या कपड्याने. झटकणी कोरड्या गाडीवर फिरवू नका. डिझेल किंवा रॉकेलचा फडका मारून चमक आणायची पद्धतही नव्या रंगाला वाईट. बोअरचं पाणी जड असेल तर पत्रा उन्हात आपोआप वाळू देऊ नका. क्षारांचे गोल डाग राहतात आणि लोक त्यालाही "चमक उतरली" म्हणतात. ताजा डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकंच पाणी घालून पुसला की जातो. लगेच साध्या पाण्याने धुवा.

आणि जिथे क्लिअर खरंच संपलंय, भोकं पडलीत किंवा पुट्टीची कड वर आलीय, तिथे घरचा उपाय नाही. ते पॅनल पेंटरकडे न्या. बेस शाबूत असेल तर क्लिअर ८०० ते १००० च्या पेपरने मॅट करून वर नवे दोन कोट मारता येतात, रंग पुन्हा जुळवायची गरज पडत नाही. बेस उघडा पडला असेल तर आधी बेसही मारावा लागेल. दोन्ही बाबतींत क्लिअर पॅनलच्या कडेपासून कडेपर्यंत मारायला सांगा. मधेच ठिगळासारखं मारलेलं क्लिअर पहिल्याच बफिंगला कडेने सुटायला लागतं.